आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आमवातच?

रिपोर्टवर ‘आरए फॅक्टर पॉझिटिव्ह’ असं ठळक अक्षरांत दिसलं, की डॉक्टरांकडे जायच्या आधीच घरात आमवाताचं (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं) निदान होऊन जातं. समज जुना आहे, पण चुकीचा.

आरए फॅक्टर ही एक अँटीबॉडी. ती चिकटते आपल्याच दुसऱ्या अँटीबॉडीच्या, म्हणजे आयजीजीच्या, शेपटाला. संसर्गात आयजीजी जंतूंच्या तुकड्यांना धरून गुंते करते आणि ते उचलायला आरए फॅक्टर मदत करतो. थोडक्यात, सफाई कामगार! म्हणूनच हिपॅटायटिस सी, क्षयरोग, हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग यांत तो वाढलेला दिसू शकतो. पार्व्होव्हायरस बी१९ हा विषाणू तर पक्का फसवा: सांधे खरोखर सुजतात, आरए फॅक्टर आणि एएनए (पेशीकेंद्रकाविरुद्धची अँटीबॉडी) दोन्ही पॉझिटिव्ह येऊ शकतात, आणि बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत आपोआप ओसरतं.

आमवातासाठी अँटी-सीसीपी ही दुसरी रक्तचाचणी जास्त नेमकी. क्षयरोगात मात्र तीही कधीकधी चकवते. रक्ताच्या गुठळ्यांशी संबंधित अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीही संसर्गात तात्पुरती दिसू शकते; म्हणून ती तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय ग्राह्यच धरत नाहीत.

अर्थात, सकाळी बोटं तासभर आखडत असतील किंवा सूज सहा आठवडे हटत नसेल, तर सगळं संसर्गावर ढकलू नका. संधिवाततज्ज्ञांना दाखवा.