आरएक्स 100 की सीडी 100: सीसी एकच, इंजिनं दोन जातींची

जुनी शंभर सीसी गाडी घ्यायची म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चौकशी करणारी पोरं यामाहा आरएक्स 100 आणि हीरो होंडा सीडी 100 सर्रास एकाच माळेत ओवतात. दोन्ही 1985 साली बाजारात आल्या, दोन्हींना चार गिअर, दोन्ही किकवर चालू होणाऱ्या. कागद बघितले तर गोंधळ आणखी वाढतो. दोन्हींच्या सिलिंडरचा व्यास 50 मिमी. पिस्टनची धाव आरएक्सची 50, सीडीची 49.5. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. तरी आरएक्स 11 हॉर्सपॉवर देते आणि सीडी सात-साडेसातच्या आसपास थांबते.

कारण आरएक्स टू-स्ट्रोक आहे. तिच्यात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला फायरिंग होतं, फोर-स्ट्रोक सीडीत दोन फेऱ्यांत एकदा. मग ताकद दुप्पट का नाही? टू-स्ट्रोकमध्ये सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतो आणि झाकतो. जळालेला धूर बाहेर जात असतानाच ताजं मिश्रण आत शिरतं आणि त्यातलं थोडं न जळताच निसटतं. ॲव्हरेज मार खातं ते इथंच. सायलेन्सरचा आतला फुगीर आकार निसटलेल्यातलं काही परत ढकलतो, म्हणून नुसत्या आवाजासाठी तो कापणं मला अजिबात पटत नाही. आरएक्सचा अर्धा पिकअप त्या नळीत असतो.

ऑइलच्या बाबतीत तर दोघींची तऱ्हाच वेगळी. सीडीत क्रँक, टायमिंग चेन, क्लच, गिअर सगळं एकाच ऑइलवर चालतं, आणि ते जळायचं नसतं. आरएक्सला टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. टू-टी पेट्रोलबरोबर जळून जाणारच. त्यामुळं धुराचा अर्थही बदलतो. आरएक्सनं सकाळी थोडा निळसर धूर सोडला तर घाबरू नका. तोच धूर सीडीनं सोडला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत असं समजा आणि भाव पाडून मागा.

पन्हाळ्याला डबल सीट चढताना आरएक्स वरचढ, यात वादच नाही. तिचा जोर 6500 आरपीएमच्या आसपास भरात येतो, त्यामुळं गिअर ओढून धरला की गाडी उसळते. सीडी त्याच चढाला खालचा गिअर मागते आणि शांतपणे वर जाते. वाघबीळकडं उतरताना मात्र पारडं फिरतं. सीडीत ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडी आवरतं. आरएक्स फारशी आवरत नाही, सगळा भार ड्रम ब्रेकवर येतो.

आरएक्स बघायला गेलात तर इंजिनला टू-टी आपोआप पुरवणारा ऑइल पंप जागेवर आहे का, ते आधी विचारा. बऱ्याच गाड्यांचा काढून टाकलेला असतो. तसं असेल तर प्रत्येक वेळी पेट्रोलमध्येच टू-टी मोजून मिसळावं लागतं, आणि लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला तर पेट्रोलबरोबर ऑइलही कमी पडतं. अशा गाडीवर उतरताना मधूनमधून थोडा ॲक्सिलरेटर देत राहा, नाहीतर पिस्टन जाम व्हायला वेळ लागत नाही. सीडी घेताना थंड इंजिन चालू करून टायमिंग चेनचा खडखडाट तेवढा ऐका.