स्प्लिटर आणि टॅप: दिसायला एक, कामाला वेगळे

कोथरूड, कर्वेनगरच्या जुन्या चार मजली सोसायट्यांत जिना चढताना प्रत्येक मजल्यावर भिंतीला लटकलेली एक चंदेरी डबी दिसते. एक केबल आत येते, दोन बाहेर पडतात. तिला सगळे स्प्लिटरच म्हणतात. बऱ्याचदा ती असतेही स्प्लिटर, आणि खालच्या मजल्यावरच्या टीव्हीचं दुखणं तिथूनच सुरू होतं, कारण त्या जागी टॅप हवा असतो.

स्प्लिटर आलेला सिग्नल सारखा वाटून टाकतो. टू-वे असेल तर दोन्हीकडे निम्मा निम्मा. निम्मा म्हणजे 3 डीबीची (डेसिबल, सिग्नलची घट मोजायचं माप) घट, आणि डबी स्वतः थोडा खाते म्हणून प्रत्यक्षात साडेतीन-चार. फोर-वेमध्ये हीच घट सात-आठ डीबीवर जाते. टॅप सारखी वाटणी करत नाही. मुख्य केबलमधून तो ठरलेला छोटा हिस्सा घरासाठी काढतो आणि बाकीचा खाली सोडतो. 10 डीबीचा टॅप घराला दहावा भाग देतो, पण पुढे जाणाऱ्या केबलमध्ये जेमतेम एक-दीड डीबी कमी होतात. टॅप 6, 8, 10, 12 ते पार 20 डीबीपर्यंत वेगवेगळ्या आकड्यांत मिळतात, आणि खरी गंमत या आकड्यांतच आहे.

गच्चीवरून खाली येणारी लाइन घ्या. चारही मजल्यांवर टू-वे स्प्लिटर लावले, तर चौथ्या मजल्यावर साडेतीन डीबी कमी, तिसऱ्यावर 7, दुसऱ्यावर साडेदहा, पहिल्यावर 14. म्हणजे वरच्याला भरपूर आणि पहिल्या मजल्याला गच्चीवरच्या सिग्नलचा साधारण पंचविसावा भाग. आता त्याच लाइनवर वरून खाली 12, 10, 8 आणि 6 डीबीचे टॅप लावा. प्रत्येक घरी घट 10 ते 12 डीबीच्या आसपास येते. एकूण सिग्नल वाढलेला नाही, वरच्या घराचा उगाच जादा जाणारा वाटा फक्त खाली पोचला. शिवाय एखाद्या घरात कोणी वायरशी खेळ केला, तर त्याचा त्रास शेजाऱ्यांपर्यंत सहसा जात नाही, कारण टॅप घराची बाजू मुख्य लाइनपासून बरीच अलग ठेवतो.

पूर्वी सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि दुखणं आधीच कळायचं. पुण्यात डिजिटल केबल सक्तीच्या दुसऱ्या टप्प्यात आली, मुदत 31 मार्च 2013 ची होती. डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं आणि मग एकदम चौकोन पडायला लागतात. म्हणून काठावर चालणारं घर जूनपर्यंत ठीक असतं. पहिल्या जोरदार पावसात गच्चीवरच्या पिनेत पाणी शिरतं, घट थोडी वाढते आणि तक्रार सेट-टॉप बॉक्सच्या नावावर लागते. बॉक्स बदलून काही होत नाही.

घराच्या आत मात्र स्प्लिटरच योग्य. हॉल आणि बेडरूम अशा दोन टीव्हींना एक टू-वे पुरे. स्प्लिटरला स्प्लिटर जोडत जाऊ नका. 'पुढे लागेल' म्हणून फोर-वे बसवू नका; दोन तोंडं रिकामी राहिली तरी घट चार जणांचीच होते. रिकाम्या तोंडावर 75 ओमचा टर्मिनेटर, म्हणजे तोंड बंद करणारी छोटी टोपी, बसवावा, नाहीतर सिग्नल तिथून परत उलटतो. केबल आरजी-6 असावी. जुनी बारीक आरजी-59 लांब अंतरावर जास्त खाते.

इंटरनेट केबल मॉडेमवर, म्हणजे टीव्हीच्याच कोअॅक्स केबलवर असेल, तर गोष्ट अधिक नाजूक होते. मॉडेमला उलट दिशेनं पाठवायचंही असतं, आणि वाटेतली प्रत्येक डबी तिकडचंही तेवढंच खाते. इथे घरातही टॅप कामाला येतो: सरळ पुढे जाणारं तोंड मॉडेमला, टॅपचं तोंड टीव्हीला. टीव्हीपुरता सिग्नल उरतो का, हे केबलवाल्याकडून मीटरवर पाहून घ्या. घरात नेट फायबरनं येत असेल, आणि पुण्यात आता बहुतेक तसंच असतं, तर कोअॅक्स कितीही सुधारा, नेटच्या वेगात फरक पडणार नाही.

टीव्हीमागे अॅम्प्लिफायर लावायचा मोह टाळा. तिथवर पोचेपर्यंत सिग्नलमध्ये मिसळलेला गोंगाटही तो तितकाच वाढवतो. लावायचाच तर घट होण्याआधी, लाइनच्या सुरुवातीला.

पुण्याच्या तपकीर गल्लीत या डब्या सहज मिळतात. घेताना छापलेलं वाचा. आत येणाऱ्या तोंडाशिवाय दोन्ही तोंडांवर 'आउट' असेल तर स्प्लिटर. एकावर 'आउट' आणि दुसऱ्यावर 'टॅप', शेजारी डीबीचा आकडा, असं असेल तर टॅप. टॅप उलटा जोडला तर सगळा हिशोब बिघडतो, म्हणून 'इन' कुठलं ते आधी पाहा. पल्ला 5 ते 1000 मेगाहर्ट्झ लिहिलेली डबी केबलसाठी चालते. डिशच्या छत्रीला ती लावू नका: छत्रीकडून सिग्नल 950 ते 2150 मेगाहर्ट्झवर येतो आणि त्याच वायरनं वर वीजही जावी लागते. त्यासाठीची डबी वेगळी मागायची.