केसरीवाडा
केसरीवाडा : पुण्याच्या नारायण पेठेतील वाडा. लोकमान्य बाळ गंगाधर टिळकांचे राहते घर, ‘केसरी’ची कचेरी आणि आता टिळकांचे संग्रहालय. गायकवाड वाडा हे त्याचे जुने नाव. टिळकांनी तो १९०५ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून घेतला; त्याआधी त्यांचा मुक्काम विंचूरकर वाड्यात होता.

थोरामोठ्यांचे घर पाहायला जावे तर बहुधा दोरी लावलेली खोली आणि काचेआडचा चष्मा बघून परतावे लागते. इथे तसे होत नाही, कारण १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’ची कचेरी आजही याच आवारात आहे. टिळकांच्या घरात संसार आणि वर्तमानपत्र एकाच छपराखाली नांदत होते, हे वाड्यात फिरताना आपोआप उमगते. संग्रहालयात त्यांच्या वापरातल्या वस्तू, पत्रे आणि कागदपत्रे आहेत. घाईने पाहणाऱ्याला ती चटकन संपतात. थांबावे ते पत्रांपाशी.

वाडा पाहताना १९०८ हे साल डोक्यात असावे. त्या वर्षी ‘केसरी’तील लेखांवरून राजद्रोहाचा खटला होऊन टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली व त्यांची रवानगी ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात झाली. धनी तुरुंगात असतानाही अंक निघत राहिला, न. चिं. केळकर आणि कृ. प्र. खाडिलकर यांनी ती धुरा वाहिली. याच काळात, १९१२ मध्ये, टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या आणि ती बातमी टिळकांना मंडालेतच कळली. तिथेच पेन्सिलीने लिहिलेले ‘गीतारहस्य’ सुटकेनंतर १९१५ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. सत्यभामाबाईंविषयी मार्गदर्शकाला आवर्जून विचारावे. त्यांच्या वाट्याला आलेली ती चार वर्षे समजल्याशिवाय या घराची ओळख अपुरीच राहते.

‘केसरी-मराठा’ ग्रंथालयातील मोलाची ठेव म्हणजे मादाम कामा यांनी १९०७ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे फडकवलेला हिंदी स्वातंत्र्याचा ध्वज. तो गुजरातचे स्वातंत्र्यसैनिक इंदुलाल याज्ञिक यांनी हिंदुस्थानात आणला. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत ‘वन्दे मातरम्’ आहे.

गणेशोत्सवात येथे पुण्याच्या मानाच्या पाच गणपतींपैकी पाचवा बसतो. हा उत्सव १८९४ पासूनचा, आधी विंचूरकर वाड्यात होत असे. त्या दहा दिवसांत आवार दर्शनाला येणाऱ्यांनी गजबजलेले असते. ज्यांना कागदपत्रे निवांत वाचायची आहेत त्यांनी एरवीचा दिवस धरावा.