लॅपटॉपचे तापणे आणि टिकणे: २००८ च्या ग्राफिक्स चिप प्रकरणाची पार्श्वभूमी

लॅपटॉप तापतो ही तक्रार लॅपटॉपइतकीच जुनी आहे. तापमान एका मर्यादेपलीकडे गेले की यंत्र जळते, असा सर्वसाधारण समज असला तरी प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते, कारण प्रोसेसरमध्येच तापमापक बसवलेले असतात आणि पारा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद पाडतो. लॅपटॉपचे आयुष्य कमी होते ते बहुधा कमाल तापमानापेक्षा रोजच्या तापण्या-निवण्यामुळे. संगणक उद्योगाला याची जाणीव २००८ मध्ये मोठी किंमत मोजून झाली.

त्याआधीच्या दशकात स्पर्धा प्रामुख्याने वेगाची होती. इंटेलचा पेंटियम ४ हा प्रोसेसर क्लॉक स्पीडमध्ये, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या ठोक्यांच्या वेगात, पुढे होता, पण त्याचे लॅपटॉपसाठीचे काही प्रकार ८० वॉटच्याही वर उष्णता निर्माण करत आणि त्यामुळे जाडजूड, घोंघावणारे लॅपटॉप बाजारात येत. मार्च २००३ मध्ये आलेल्या पेंटियम एमने हा आकडा सुमारे २४.५ वॉटवर आणला. हा प्रोसेसर इस्रायलमधील हैफा येथील चमूने विकसित केला होता आणि पुढे इंटेलच्या एकूण धोरणालाच त्याने दिशा दिली. जून २००५ मध्ये ॲपलने तोवर वापरात असलेले पॉवरपीसी प्रोसेसर सोडून इंटेलकडे वळत असल्याचे जाहीर केले, तेव्हा स्टीव्ह जॉब्स यांनी दिलेले मुख्य कारणही प्रत्येक वॉटमागे मिळणाऱ्या कामगिरीचेच होते. प्रोसेसरची उष्णता अशी आटोक्यात येत असताना त्याच्या शेजारी बसणाऱ्या, पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स चिपकडे मात्र तितके लक्ष गेले नाही.

२ जुलै २००८ रोजी ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने जाहीर केले की, लॅपटॉपमध्ये वापरलेल्या आपल्या आधीच्या पिढीतील काही चिप अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत असून त्यांच्या दुरुस्ती आणि बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करण्यात येत आहे. चिप आणि तिच्या वेष्टनातील कमकुवत पदार्थ हे कारण कंपनीने दिले, पण लॅपटॉपमधील उष्णता हाताळण्याची रचना आणि ग्राहकांची वापराची पद्धत यांचाही त्याला हातभार असल्याचे त्याच निवेदनात नमूद केले. ज्याने लॅपटॉप फक्त उघडला, वापरला आणि मिटला, त्या ग्राहकाच्या वापराच्या पद्धतीकडे बोट दाखवणे जरा अजबच म्हणावे लागेल.

बिघाडाची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. सिलिकॉनची चिप आणि तिच्याखालचा तळपट्टा यांना सोल्डरचे (धातू जोडणाऱ्या, सहज वितळणाऱ्या मिश्रधातूचे) अतिसूक्ष्म ठिपके जोडतात आणि त्या ठिपक्यांभोवती आधारासाठी राळेसारखा पदार्थ भरलेला असतो. तापल्यावर तळपट्टा सिलिकॉनच्या कितीतरी पट जास्त प्रसरण पावतो, त्यामुळे प्रत्येक वेळी हा ताण ठिपक्यांवर येतो. भरावाचा पदार्थ नेहमीच्या कामाच्या तापमानालाच मऊ पडू लागला, तर आधार सुटतो आणि ठिपक्यांना हळूहळू तडे जातात. या प्रकरणाचे खापर अनेकदा १ जुलै २००६ पासून युरोपात लागू झालेल्या, सोल्डरमधील शिशावरच्या बंदीवर फोडले जाते. मात्र जास्त शिसे असलेल्या सोल्डरला आणि चिपमधील अशा सांध्यांना त्या नियमात सूट होती, आणि वादग्रस्त ठिपके याच जास्त शिशाच्या प्रकारातले असल्याचे तेव्हाच्या तांत्रिक चर्चेत समोर आले होते.

एचपीच्या पॅव्हिलियन डीव्ही २०००, ६००० आणि ९००० या मालिका आणि डेलचा एक्सपीएस एम१३३० ही या प्रकरणातील गाजलेली नावे. एचपीच्या काही लॅपटॉपमध्ये आधी वायफाय दिसेनासे होई आणि मग एके दिवशी पॉवरचा दिवा लागूनही पडदा काळाच राही. डेल आणि एचपीने बायॉसची, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या आणि त्याचे भाग सांभाळणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती दिली आणि तिने फॅन अधिक वेळ चालू ठेवला. डेलने तिचा उद्देश चिपच्या तापमानातील चढउतार कमी करणे हा असल्याचे सांगितले होते, म्हणजेच दोष कमाल तापमानात नसून चढउतारांत आहे हे एका अर्थी मान्यच झाले होते. मूळ दोष अर्थातच तसाच राहिला आणि बिघाड फक्त पुढे ढकलला गेला. ॲपलच्या मॅकबुक प्रोवर परिणाम नसल्याची ग्वाही एनव्हिडियाने दिली होती, पण ॲपलने स्वतः तपासणी केल्यावर एनव्हिडियाची ८६००एम जीटी चिप असलेल्या काही मॅकबुक प्रोमध्येही हाच दोष असू शकतो असे ऑक्टोबर २००८ मध्ये जाहीर केले आणि मोफत दुरुस्ती देऊ केली. एनव्हिडियाविरुद्ध ग्राहकांनी अमेरिकेत दाखल केलेल्या सामूहिक दाव्यात २०१० मध्ये तडजोड झाली. त्यानुसार एचपीच्या ग्राहकांना बदली म्हणून देऊ केलेला लॅपटॉप मूळ यंत्राच्या तोडीचा नसल्याच्या तक्रारी मात्र पुढे होत राहिल्या.

दुरुस्तीच्या बाजारावरही याचा परिणाम झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी बोर्ड दुरुस्त करणाऱ्यांकडे हीट गन आणि रिबॉलिंग हे नेहमीचे उपाय झाले. रिबॉलिंगमध्ये बदलतात ते चिपचे वेष्टन आणि मदरबोर्ड यांच्यामधले सोल्डरचे मणी, तर तडे गेलेले असत वेष्टनाच्या आतल्या ठिपक्यांना. गरम केल्यावर तुटलेला सांधा तात्पुरता पुन्हा भिडे आणि लॅपटॉप चालू होई, पण काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तोच बोर्ड पुन्हा दुकानात येई. नवी, सुधारित चिप बसवणे हाच खरा उपाय होता आणि ती मिळणे सोपे नव्हते.

एएमडीची ग्राफिक्स चिप असलेल्या २०११ च्या मॅकबुक प्रोमध्येही पडद्याचे बिघाड दिसले आणि त्यासाठी ॲपलने फेब्रुवारी २०१५ मध्ये दुरुस्ती योजना आणली. पुढे लॅपटॉप पातळ होत गेले आणि प्रोसेसर काही सेकंद जोरात धावून मग वेग कमी करू लागले, त्यामुळे तापण्या-निवण्याची आवर्तने उलट वाढली. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ प्रोसेसरसह फॅनशिवाय चालणारा मॅकबुक एअर आणला, तो वीजच कमी लागत असल्यामुळे शक्य झाला. फॅन असलेल्या यंत्रांची अडचण वेगळी असते: फॅन खोलीतल्या हवेपेक्षा जास्त थंडावा देऊ शकत नाही आणि अनेक कंपन्या वापरासाठी सभोवतालच्या हवेची कमाल मर्यादा ३५ अंशच सांगतात. विदर्भात मे महिन्यात बाहेरचा पारा ४५ च्या घरात जातो आणि कूलर नसलेल्या खोलीत ही मर्यादा दुपारीच ओलांडली जाते. त्यातच हीटसिंकच्या (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये धूळ साठून नमद्यासारखा थर बसला आणि प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे पोहोचवणारी थर्मल पेस्ट सुकली, तर तीन-चार वर्षांच्या लॅपटॉपमध्ये साधे काम करतानाही फॅन पूर्ण वेगाने फिरत राहतो.