ग्राफिक्स कार्ड ट्यूनिंग (लिनक्सवरील मायनिंगसाठी)

ग्राफिक्स कार्डाचा क्लॉक (कामाची गती), व्होल्टेज, वीजमर्यादा व पंख्याचा वेग बदलून क्रिप्टो मायनिंगमध्ये दर वॅटमागे जास्त हॅश (मायनिंगसाठी लागणारी आकडेमोड) मिळवण्याची रीत. तिला सर्रास ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात, पण ते अर्धेच खरे आहे. वाढवतात ती बहुधा मेमरीची गती; कोअरचा (आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपचा) क्लॉक आणि व्होल्टेज उतरवतात.

बिटकॉइन जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले तेव्हा मायनिंग साध्या प्रोसेसरवर होई. कार्ड प्रथम कोणी जुंपले, याविषयी एकमत नाही. एक मत लास्लो हान्येच यांच्या बाजूचे आहे. दहा हजार बिटकॉइनला दोन पिझ्झा घेणारे ते हेच. त्यांचा प्रयोग मे २०१० च्या सुमाराचा मानला जातो. दुसरे मत ‘आर्टफोर्झ’ या टोपणनावाच्या व्यक्तीला मान देते; तिचा काळ त्याच वर्षीच्या जुलैच्या आसपास धरतात. सप्टेंबरमध्ये एनव्हिडिया कार्डांसाठीचा, त्याच कंपनीच्या ‘कूडा’ प्रणालीवर चालणारा मायनिंग प्रोग्रॅम सर्वांना खुला झाला. पहिला वापर आणि पहिला खुला प्रोग्रॅम यांची गल्लत केल्यानेच हा वाद लांबलेला दिसतो. निव्वळ वापर पाहिला तर हान्येच यांचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो.

मेमरीला महत्त्व आले ते इथेरियम या क्रिप्टो जाळ्यामुळे (सुरुवात ३० जुलै २०१५). त्याच्या ईथॅश या मायनिंग पद्धतीत सुमारे १ जीबीपासून सुरू होऊन दर ३०,००० ब्लॉकांनी साधारण ८ एमबीने वाढणारी डॅग नावाची मोठी डेटा फाइल सतत वाचावी लागे, त्यामुळे कोअर बराच वेळ मेमरीची वाट पाहत राही. रेव्हनकॉइन या दुसऱ्या नाण्याच्या कॉपॉव पद्धतीत कोअरही राबतो. तेथे ईथॅशची सेटिंग चालत नाहीत.

एएमडी कार्डांसाठी कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) बूट होतानाच फीचरमास्क, म्हणजे कार्डाच्या सोयी खुल्या करणारा आकडा, द्यावा लागतो, मग सिसएफएस या कर्नलच्या फाइलव्यवस्थेतील फायलींत आकडे लिहिता येतात. वीजमर्यादा मायक्रोवॅटमध्ये असते: १२० वॅट म्हणजे १२ वर सात शून्ये. एनव्हिडियाची मर्यादा ‘एनव्हिडिया-एसएमआय’ या कमांडने बसते, पण रीबूटनंतर पुसली जाते, म्हणून ती सिस्टमडी सर्व्हिसमध्ये (बूट होताना आपोआप चालणाऱ्या कामात) घालतात. मेमरी ऑफसेटसाठी (मूळ गतीवरच्या वाढीसाठी) एक्स सर्व्हर या पडदा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या कॉन्फिगमध्ये कूलबिट्स हा ट्यूनिंग खुले करणारा आकडा (सहसा २८) लिहिण्याची जुनी वाट आहे. विंडोजवरचा अधिक १,००० हा ऑफसेटचा आकडा येथे अधिक २,००० होतो. नवख्यांची पहिली चूक हीच. मेमरी फार ताणली की आधी चुकीचे शेअर (कार्डाने पाठवलेली उत्तरे) वाढतात, मग कार्डाचा संगणकाशी संपर्कच तुटतो आणि डीमेसेज या कर्नलच्या नोंदीत ‘एक्सआयडी ७९’ हा त्रुटिक्रमांक उमटतो.

नाशिकसारख्या शहरात हे गणित शेवटी महावितरणच्या बिलावर येते. प्रत्येकी १२० वॅटची सहा कार्डे आणि बाकीच्या यंत्राचे ८० वॅट धरले, तर ३० दिवसांत ५७६ युनिट होतात. कार्डामागे २० वॅट कापले तर ४९० च्या आत. घरगुती दराचा सर्वांत महाग टप्पा ५०० युनिटांपुढे असल्याने ही कपात निर्णायक ठरावी, पण घरचा फ्रिज आणि पंखे त्याच मीटरवर असल्याने एकूण वापर तरीही ५०० पार जाऊ शकतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा थंडीत बसवलेला मेमरी ऑफसेट उतरवावा लागतो.

१ एप्रिल २०२२ पासून भारतात क्रिप्टो विकून होणाऱ्या उत्पन्नावर ३० टक्के कर आला. त्यातून वीजबिलाची वजावट मिळत नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंग बंद केले.