पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी आणि बाळाचा ओठ

"ग्रहणात विळीवर बसलीस, म्हणून पोराचा ओठ फाटला." कोकणात आजही एखाद्या बाळंतिणीला हे ऐकावं लागतं आणि तो दोष ती जन्मभर स्वतःच्या माथी घेते. याचा मला फार राग येतो, कारण साधा महिन्यांचा हिशेबच त्या दोषातून तिला मोकळं करतो.

बाळाचा चेहरा सुट्या उंचवट्यांपासून घडतो. नाकाखालचा मधला भाग आणि दोन्ही गालांकडून पुढे सरकणारे भाग गर्भधारणेनंतर सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतात, तेव्हा वरचा ओठ पुरा होतो. टाळू, म्हणजे तोंडाचं आतलं छत, मिटायला साधारण बारावा आठवडा उजाडतो. ओठ जुळतो त्या सुमारास अनेकींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. मग सातव्या महिन्यातलं ग्रहण कधीच तयार झालेला ओठ फाडणार कसं? आनुवंशिकता, धूम्रपान, फिट्सवरची काही औषधं, आधीपासूनचा मधुमेह यांचा संबंध दिसतो. पुष्कळदा मात्र एकच एक कारण सापडत नाही.

ही फट दिसते ती १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत. पोटावरून फिरणारा प्रोब सेकंदाला ३० ते ५० लाख कंपनांचा ध्वनी आत सोडतो आणि परतलेल्या प्रतिध्वनींतून चित्र उमटतं: हाड पांढरं, गर्भजल काळं, मांस करडं. डॉक्टर समोरून नाकपुड्या आणि वरचा ओठ एकाच चित्रात आणतात. ओठ दुभंगलेला असेल तर करड्या पट्टीत नाकपुडीकडे चढणारी काळी रेघ दिसते. बाजूने पाहताना कपाळ, नाकाचं हाड, हनुवटी तपासतात. खालचा जबडा फारच लहान असेल तर जीभ मागे पडून जन्मतःच श्वास अडू शकतो, म्हणून ही बाजू महत्त्वाची. बाळाने तोंडावर हात धरला असेल, तर आईला थोडं चालून यायला सांगतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ओठ धड असून फक्त टाळू दुभंगलेली असेल, तर जबड्याच्या हाडाच्या सावलीत ती बहुधा निसटते. रिपोर्ट नॉर्मल आला तरी जन्मल्यावर बाळाच्या तोंडात टॉर्च मारून बघायलाच हवं.

फट आढळली तर हृदय, मेंदू, हातपाय पुन्हा नीट पाहतात. सोबत आणखी दोष असल्यास गर्भजल तपासणी सुचवतात. त्यासाठी सिंधुदुर्गातल्या बाईला गोव्यातलं बांबोळी नाहीतर कोल्हापूर गाठावं लागू शकतं. म्हणून "लावणी आटपू दे", "गणपती जाऊ देत" म्हणत ही सोनोग्राफी लांबवू नका.

फक्त ओठच दुभंगलेला असेल तर बाळ बहुतेकदा अंगावर पिऊ शकतं. टाळूही उघडी असेल तर त्याला दूध ओढता येत नाही. मग बाळाला उभट धरून काढलेलं दूध बोंडल्याने थोडं थोडं पाजायचं. हे आईला आणि आजीला बाळंतपणाआधीच शिकवता येतं. ओठाची शस्त्रक्रिया सहसा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते, टाळूची वर्षाच्या आसपास, बाळ बोलायला लागायच्या सुमारास.