मनीलाइन भाव

मनीलाइन : खेळांवरील पैजेत भाव सांगण्याची अमेरिकी पद्धत. सामना कोण जिंकणार, एवढ्यावरच ही पैज लागते. किती धावांनी किंवा किती गुणांनी, याच्याशी तिचे देणेघेणे नसते. ज्याचे पारडे जड त्याच्या आकड्यापुढे उणे चिन्ह असते, दुसऱ्याच्या आकड्यापुढे अधिक. उदाहरणार्थ, −२५० आणि +२३८. उण्याचा आकडा म्हणजे १०० रुपये कमवायला किती लावावे लागतील ते. अधिकचा आकडा म्हणजे १०० रुपये लावले तर किती मिळतील ते. लावलेली मूळ रक्कम जिंकल्यावर परत येतेच, ती या आकड्यांत धरलेली नसते. बेसबॉल आणि आइस हॉकी या कमी गुणांच्या खेळांत ही पद्धत विशेष चालते.

विदर्भाच्या खेड्यांत मनीलाइन हा शब्द कोणाच्या तोंडी नाही. वस्तू मात्र ओळखीची आहे. आयपीएलच्या दिवसांत वर्धा-यवतमाळकडच्या एखाद्या पानठेल्यावर संध्याकाळी उभे राहावे. ठेलेवाला पन्नीवर खर्रा घोटत असतो, नजर मोबाइलवर. कोणी विचारतो, “काय चालू हाये बे?” तो मान वर न करता सांगतो, “मुंबई, चाळीस-बेचाळीस.” या तीन शब्दांत मनीलाइनची अख्खी पाटी आली.

इथला भाव पैशांत बोलतात आणि तो नेहमी फेव्हरेट, म्हणजे पारडे जड असलेल्या, संघाचा असतो. दोन आकड्यांपैकी पहिला लगवाडीचा, दुसरा खायवाडीचा. मुंबईवर ४० पैशांनी १,००० रुपये लावले आणि मुंबई जिंकली, तर ४०० मिळतात. हरली तर १,००० जातात. ही लगवाडी. उलट बाजूने, ४२ पैशांनी १,००० ‘खाल्ले’ आणि मुंबई हरली, तर १,००० मिळतात. जिंकली तर ४२० भरावे लागतात. ही खायवाडी. म्हणजे मुंबई खाणे हे समोरच्या संघावर पैसे लावण्यासारखेच झाले. नवख्याची पहिली गल्लत इथेच होते : ‘मुंबई खाल्ली’ असे म्हणणारा मुंबईच्या हरण्याची वाट पाहत असतो. वृत्तपत्रांच्या गुन्हेवृत्तांत ‘खायवाडी’ हा शब्द लोकांच्या पैजा घेणाऱ्याच्या धंद्यालाही वापरतात. अर्थ तोच, कारण गिऱ्हाईक लावते तेव्हा बुकी खातो.

अमेरिकी आकडा पैशांत आणायची एक सोपी रीत आहे, ती पुस्तकी सूत्रांत सहसा अशी मांडलेली दिसत नाही. चिन्ह बाजूला ठेवा आणि दहा हजाराला त्या आकड्याने भागा. १०,००० भागिले २५० म्हणजे ४०. १०,००० भागिले २३८ म्हणजे जवळपास ४२. उण्याच्या आकड्यातून लगवाडीचे पैसे निघतात, अधिकच्या आकड्यातून खायवाडीचे. −१२५ म्हणजे ८० पैसे, −४०० म्हणजे २५ पैसे. ठेल्यावरचा चाळीस-बेचाळीस आणि अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या पडद्यावरचा −२५०/+२३८ हा एकच भाव आहे, फक्त बोली वेगळी. हल्ली मोबाइलवरच्या ‘आयडी’त, म्हणजे ऑनलाइन सट्ट्याच्या खात्यात, तोच १.४० आणि १.४२ असा दशांशात, निळ्या-गुलाबी चौकटींत दिसतो. त्यातला १ म्हणजे परत येणारी मूळ रक्कम.

भावातून शक्यता काढता येते आणि सगळा हिशेब खरे तर तिच्यासाठीच शिकायचा. ४० पैशांवर १०० लावणाऱ्याला १४० परत मिळण्याची आशा असते. १०० भागिले १४० म्हणजे ७१.४ टक्के. सातपैकी पाच वेळा फेव्हरेट जिंकली, तरच असा लावणारा बरोबरीत सुटतो. ८० पैशांवर हे प्रमाण नऊपैकी पाच, २५ पैशांवर पाचपैकी चार. ‘पक्की मॅच आहे’ म्हणून कमी पैशांच्या भावावर मोठी रक्कम टाकण्याची सवय गावोगावी दिसते. ४० पैशांवर एक हार भरून काढायला अडीच जिती लागतात, हे मात्र लावताना कोणी मोजत नाही. कापसाचा भाव क्विंटलमागे पन्नास रुपयांनी कमी मिळाला तर अडत्याशी हुज्जत घालणारा माणूस इथे चाळीसच्या जागी अडतीस निमूट घेतो, हे एक कोडेच.

दुसऱ्या बाजूची शक्यताही काढून पाहावी. ४२ पैशांना खाणाऱ्याला १०० मिळवण्यासाठी ४२ धोक्यात घालावे लागतात. ४२ भागिले १४२ म्हणजे २९.६ टक्के. ७१.४ आणि २९.६ यांची बेरीज १०१ भरते. सामन्यात एकच संघ जिंकणार, तेव्हा बेरीज १०० हवी. वरचा एक बुकीचा. अमेरिकेत −२५० समोर +२०० असा भाव असेल, तर बेरीज १०४.८ होते, म्हणजे कात्री अधिक मोठी. दोन भावांची तुलना करताना नुसता आपल्या बाजूचा आकडा न पाहता ही बेरीज पाहिली, तर कोणता बुकी किती कापतो ते लगेच कळते.

हा एक टक्का प्रत्यक्षात कसा सुटतो? एका वहीत दोनच नोंदी आहेत असे समजू : एकाने मुंबईवर ४० ने १,००० लावले, दुसऱ्याने ४२ ने १,००० खाल्ले. मुंबई जिंकली तर बुकी पहिल्याला ४०० देतो आणि दुसऱ्याकडून ४२० घेतो. २० रुपये सुटले. मुंबई हरली तर पहिल्याचे १,००० दुसऱ्याला जातात. बुकीला काही नाही, पण त्याचे काही गेलेही नाही. वहीच्या दोन्ही बाजू अशा समान असेपर्यंत सामना कोणीही जिंको. एका बाजूला भार वाढला की तो भाव हलवतो, किंवा जास्तीची रक्कम वरच्या बुकीकडे उतरवतो. त्याला ‘कटिंग’ म्हणतात. त्यामुळे भाव हे संघांच्या ताकदीचे शुद्ध माप नसते. लोकांचे पैसे कुठे झुकलेत, तेही त्यात मिसळलेले असते.

सामना चालू असताना भाव चेंडूगणिक फिरतो. एक विकेट पडली की चाळीसचा सत्तर होतो, आणखी दोन पडल्या की फेव्हरेटच बदलते. ज्या क्षणी सौदा बोलला गेला त्या क्षणीचा भाव त्या पैजेला बांधला जातो; पुढची चढउतार तिला लागू नाही. सट्टापट्टीत, म्हणजे मटक्यात, आकडा लागल्यास किती मिळणार हे आधीच ठरलेले असते. दोन्हींतला मुख्य फरक हाच.

पाऊस येऊन सामना निकालाविना सुटला, तर पैसे साधारणतः परत होतात. कसोटीत अनिर्णिताचा, फुटबॉलमध्ये बरोबरीचा तिसरा भाव निघतो आणि मग शक्यतांची बेरीज तिन्हींची करावी लागते.

कायद्याने अमेरिकेतले चित्र वेगळे आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१८ रोजी खेळांवरील पैजांना आळा घालणारा १९९२ चा संघीय कायदा रद्द ठरवला आणि परवानगीचा निर्णय राज्यांकडे आला. महाराष्ट्रात क्रिकेटवरचा सट्टा १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याशिवाय १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम ३० नुसार पैजेचा करारच शून्य असतो. म्हणून आयडीवर जिंकलेली रक्कम कोणी बुडवली, तर वसुलीचा दावा लावता येत नाही.

मनीलाइनचा भाव फक्त निकालाशी बांधलेला असल्याने सामन्याच्या पोटातले पुष्कळ काही त्याच्या नजरेतून सुटते. अमुक षटकांत किती धावा होतील यावरची ‘सेशन’ची पैज त्यासाठी वेगळी असते. सामन्याच्या पोटातल्या अशा गोष्टी आधीच ठरवू पाहण्याचे विदर्भातले सर्वांत गाजलेले उदाहरण नागपूरचे, १९ मार्च २००० रोजी झालेल्या भारत-दक्षिण आफ्रिका एकदिवसीय सामन्याचे. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने आपल्याच संघातल्या हर्शेल गिब्जला २० धावांच्या आत बाद होण्यासाठी आणि हेन्री विल्यम्सला दहा षटकांत ५० हून अधिक धावा देण्यासाठी प्रत्येकी १५,००० डॉलर देऊ केल्याचे पुढे चौकशीत उघड झाले. क्रोनिएवर आजन्म बंदी आली. त्या दिवशी गिब्जने ७४ धावा काढल्या, विल्यम्स आपल्या दुसऱ्याच षटकात जखमी होऊन बाहेर गेला आणि सामना दक्षिण आफ्रिकेने १० धावांनी जिंकला.